डोंगरातलं भुयार आणि आमचे कंडक्टर

आमचे कंडक्टर लेण्याच्या तोंडाशी उभे राहिले की हटकून म्हणायचे, "पुढे सरका, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे. दारात गर्दी करू नका." आणि माणसं खरोखरच सरकायची. डोंगर कोरून केलेल्या ज्या खोलीत कधीकाळी भिक्खू मुकाट बसत असतील, तिथे रविवारी सकाळी पिंपरी-चिंचवडची बसभर माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहायची. त्यातल्या एकदोघांचे हात तर चक्क वर गेलेले असत. कंडक्टरांचा आवाज कानावर पडला की हात आपोआप दांडी शोधत असावा.

त्यांची सगळी नोकरी बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेली होती. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती, नाव दाविद. पण दाविद अशी हाक त्यांना फक्त चर्चमध्ये ऐकू यायची. बाकी सगळ्या गल्लीला ते कंडक्टर. मी पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होतो, म्हणून ते मला फिटर म्हणत. निवृत्तीनंतर आम्ही दोघं रोज एकाच टपरीवर चहा प्यायचो आणि रोज एकमेकांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेतल्या का ते विचारायचो.

सहलीची कल्पना त्यांची. माझा भाचा सचिन याची एक मिनीबस आहे. आठवडाभर ती चाकणच्या कंपन्यांमध्ये शिफ्टची माणसं नेते-आणते आणि रविवारी सकाळी घरासमोर धूळ खात उभी असते. कंडक्टर एकदा तिच्याकडे बघत म्हणाले, "रिकामी बस बघवत नाही हो, फिटर. लातूरहून, बीडहून, सिंधुदुर्गातून माणसं इथे आली. वर्षानुवर्षं राहिली. त्यांना कंपनीचं गेट ठाऊक, मॉल ठाऊक. बाजूच्या डोंगरात काय आहे ते कुणी दाखवलं का? सकाळी नेऊ, जेवायला घरी सोडू."

अशी आमची अर्ध्या दिवसाची सहल सुरू झाली. चिंचवडहून निघायचं, मोशी, कुरुळी मागे टाकायचं, चाकण ओलांडलं की कंपन्यांच्या कुंपणांमधून एक अरुंद रस्ता आत वळतो, तिथून डोंगराच्या पायथ्याशी. आधी लेणी, मग खाली उतरून पडक्या महादेवाचं देऊळ, आणि शेवटी पलीकडच्या माळावरची मतमाउली. नगरकडून नोकरीला आलेल्या ख्रिस्ती लोकांनी तिथे मारियामातेचं छोटं देवस्थान उभं केलं आहे. कंडक्टर बोलायचे, सचिन बस चालवायचा आणि मी चहाचा थर्मास, पाण्याचे जार आणि मागे राहिलेली म्हातारी माणसं सांभाळायचो.

गाईड म्हणून त्यांची पद्धत सगळ्या जगाहून वेगळी होती. जेवढं नक्की ठाऊक आहे तेवढं सांगून झालं की ते हवेतली दोरी एकदा ओढल्यासारखं करत आणि म्हणत, "सिंगल बेल. माहिती इथे थांबली. यापुढचं मला माहीत नाही." मग दोनदा ओढत, "डबल. चला पुढे." पडक्या देवळापाशी नंदीला डोकं नाही. कुणीतरी विचारायचंच, "कुणी तोडलं हो?" बाकीचे गाईड अशा वेळी एखादी फौज आणून उभी करतात. कंडक्टर म्हणायचे, "मी नव्हतो तिथे." एकदा एक इंजिनियर चिडून म्हणाला, "काका, तुम्हाला माहीत काय आहे मग?" कंडक्टर शांतपणे म्हणाले, "माझं स्टेशन कुठलं ते माहीत आहे. त्याच्या पुढचं तिकीट मी देत नाही."

प्रत्येकाला हवा तेवढा वेळ देण्याचीही त्यांची रीत होती. आमच्याबरोबर बऱ्याचदा बौद्ध कुटुंबं असत. लेण्यात आल्यावर ती मंडळी हात जोडून वंदना म्हणत. तेवढा वेळ कंडक्टर बाहेर दारात आडवे उभे राहून मागून येणाऱ्यांना थोपवत. "थांबा जरा, आतली माणसं उतरू द्या." महादेवापाशी कुणी बेल वाहिला तर तोवर सचिनला हॉर्न वाजवायची बंदी. आणि मतमाउलीपाशी तर त्यांची धांदल बघण्यासारखी असे. बसमधल्या बायकांना पहिला प्रश्न हाच पडायचा, "आम्ही नारळ फोडला तर चालेल का?"

"बाहेर फोडा, आत मेणबत्ती लावा. दोन्ही पोचतं."

"आमचं मागणं ऐकते का हो ही?"

"ऐकते सगळ्यांचं. देते का, ते मला माहीत नाही."

स्वतः ते सगळ्यांचं झाल्यावर एकटेच आत जायचे. बायको गेल्यापासून तिच्या नावाची एक मेणबत्ती लावायची, चार शब्द पुटपुटायचे आणि बाहेर येऊन नेहमीच्या आवाजात ओरडायचं, "चला, भूक लागलेल्यांनी आधी चढा!" त्यांच्या धर्माबद्दल त्यांनी बसमध्ये अवाक्षर काढलेलं मला आठवत नाही. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "प्रत्येकाला आपला स्टॉप कळतो, फिटर. मी कशाला कुणाला ढकलून उतरवू?"

आता भुयाराबद्दल. हे सगळं लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच.

आपल्याकडे कुठल्याही किल्ल्यावर, लेण्यात, पडक्या देवळात गेलं की माणूस पहिल्यांदा भुयार विचारतो. कोरीवकाम, खांब, पाण्याची सोय, याचं कुणाला काही नसतं. आमच्या लेण्याशेजारी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. त्याच्या एका बाजूला काळोखी खोबण दिसते. दर रविवारी कुणीतरी त्यात मोबाईलचा उजेड मारून म्हणायचं, "हेच ना ते भुयार? कुठे निघतं?" आणि दर रविवारी कंडक्टर म्हणायचे, "भुयार नाही. पाणी साठायला खोदलंय. मी रांगत आत जाऊन आलोय. पुढे खडक आहे आणि खडकावर वटवाघूळ आहे. दोघंही रस्ता देत नाहीत." लोकांची तोंडं एवढीशी व्हायची. मला वाईट वाटायचं. एवढ्या लांब आलेली माणसं, एक भुयार दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

एका रविवारी कंडक्टर नातीच्या बाप्तिस्म्याला श्रीरामपूरला गेले आणि सहल माझ्या गळ्यात आली. त्या दिवशी एका कंपनीतली माणसं बायकापोरांसह आली होती आणि माझ्या बोलण्याला कंटाळून अर्धी माणसं सेल्फी काढत होती. टाक्यापाशी एकाने जांभई देत विचारलं, "आजोबा, भुयार तरी आहे का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे तर! थेट पलीकडच्या माळावर, मतमाउलीच्या खाली निघतं." एकदम सगळ्यांच्या माना वळल्या. जांभई देणारा म्हणाला, "काय सांगता राव!" मग मला चेवच चढला. भिक्खू त्यातून ये-जा करत, पुढे महाराजांच्या माणसांनी त्यातून दाणागोटा नेला, शेवटी इंग्रजांनी ते बुजवलं, असं मी धडाधड सांगत सुटलो. उतरताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या त्या पहिल्यांदाच, आणि त्या भुयारासाठी.

कुणीतरी ते सगळं मोबाईलवर घेतलं होतं. चित्रात फक्त टाकं दिसत होतं आणि मागे माझा आवाज. पाठवणाऱ्याने वर आमच्या सहलीच्या जाहिरातीतला कंडक्टरांचा फोटो चिकटवला आणि लिहिलं, "चाकणचे प्रसिद्ध कंडक्टर गाईड सांगत आहेत भुयाराचं रहस्य." आठवड्याभरात ते चिंचवडपासून राजगुरुनगरपर्यंत प्रत्येकाच्या मोबाईलवर जाऊन पोचलं. माझ्याच साडूने ते मला पाठवलं आणि खाली लिहिलं, "बघा, तुमच्या गावात काय काय आहे!"

मग लोक यायला लागले. टॉर्च घेऊन, दोरखंड घेऊन, एकजण तर जमिनीखालची पोकळी शोधायला पितळेचा लोलक घेऊन. टाक्याची कड ढासळली. आणि एके दिवशी मतमाउलीच्या वेदीमागची फरशी कुणीतरी पहार घालून उचकटलेली सापडली. खाली मुरूम होता, दुसरं काय असणार?

मतमाउलीच्या फादरांचा फोन आला तेव्हा आम्ही टपरीवरच होतो. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. "दाविदभाऊ, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. असल्या गोष्टी सांगून तुम्ही माणसं आणता? काही दिवस तुमची बस इकडे नको." कंडक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या बशीकडे पाहिलं. "बरं, फादर," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग मला म्हणाले, "चहा घ्या, फिटर. गार होतोय."

त्यांनी रागवायला हवं होतं. ते रागावले असते तर मी त्याच दिवशी फादरांकडे गेलो असतो, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. सहल चालू होती, पण देवळापाशीच संपायची. मतमाउलीचा फाटा आला की कंडक्टर खिडकीतून दुसरीकडे बघत. कुणी विचारलं, "आज मतमाउली नाही?" तर सांगायचे, "नाही. आपल्या बसमधून एक खोटी गोष्ट बाहेर गेली, म्हणून." कुणी सांगितली ते नाही सांगायचे. लोक मोबाईलवर फोटो बघून आलेले असत. ते एकमेकांना कोपर मारून हसत. जन्मभर 'माहीत नाही' म्हणणाऱ्या माणसाला थापाड्या ठरवून ते हसत होते, आणि मी मागच्या सीटवर थर्मास मांडीवर घेऊन बसलेलो असायचो.

"बस नको म्हणाले, तुम्हाला कुठे नको म्हणाले?" मी एकदा म्हटलं. "तुम्ही रिक्षाने जा, मेणबत्ती लावून या."

"बसला बंदी तर कंडक्टरलाही बंदी," ते म्हणाले. "मी उतरून मागच्या दाराने नाही चढत."

बायकोच्या नावाची मेणबत्ती ते तेव्हा घरी, गॅसच्या ओट्यावर लावत. मी एकदा सकाळी गेलो तेव्हा ती पाहिली. स्टीलच्या वाटीत उभी केलेली, शेजारी दुधाचं पातेलं. मतमाउलीची जत्रा जवळ आली होती. मी तिथून थेट माळावर गेलो.

फादर म्हणजे वसईकडचा तरुण, सडपातळ माणूस. बाह्या वर करून ते त्या फरशीला सिमेंट लावत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी थापी खाली ठेवली.

"हे दाविदभाऊंना माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. तुमचा फोन आला तेव्हा मी शेजारी बसलो होतो."

फादरांनी हात धुतले, हेल्मेट घातलं आणि मोटारसायकलला किक मारून म्हणाले, "बसा मागे."

कंडक्टर भाजी निवडत होते. फादरांनी दारातच हात जोडून माफी मागितली आणि विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं, फादर? ब्रेक ड्रायव्हर मारतो, शिव्या कंडक्टर खातो. बसमध्ये झालं ते माझंच." मग माझ्याकडे वळले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाले, "माझं नाव नीट केलंत, फिटर. पण भुयाराचं काय? ते बुजवलंत का?"

ते बुजवणं किती अवघड असतं ते मला पुढच्याच रविवारी कळलं. डोंगराच्या पायथ्याशी पारूआजी ताक विकतात. त्यांचं घराणं तिथलंच, जुनं. कंडक्टरांनी मला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं. "सांगा."

"आजी," मी म्हटलं, "ते भुयार खोटं आहे. मीच रचलं ते."

आजींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी? तुमी कवा आलायसा हितं? आमच्या सासऱ्याची शेळी त्या टाक्यात शिरली ती पार मातेच्या माळावर निघाली. म्या सोता बघितलीया. अंगाला माती व्हती तिच्या."

"आजी, पण मी हे तीन-चार महिन्यांपूर्वी..."

"न्हाई ठाव तर गप ऱ्हावं माणसानं. घ्या, ताक प्या."

कंडक्टर बाजूच्या दगडावर बसून पोट धरून हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, तर आजींनी त्यांनाही ताक दिलं. "शेळी खरी असेल हो, फिटर," ते डोळे पुसत म्हणाले. "माती पण खरी असेल. मधलं तेवढं तुमचं."

जत्रेच्या दिवशी फादरांनी मला माईकसमोर उभं केलं. माळ माणसांनी भरला होता, पाळणे, भेळ, मेणबत्त्यांच्या टोपल्या. मी मोठ्याने सांगितलं की भुयार नाही, ती थाप माझी होती, कंडक्टरांनी ती कधीच मारली नव्हती. लोकांना तो विनोद वाटला. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर एक गृहस्थ मला बाजूला घेऊन कानात म्हणाले, "आजोबा, खरं सांगा. सरकारने गप्प बसायला सांगितलंय ना?"

पण बस पुन्हा माळावर जायला लागली आणि कंडक्टर पुन्हा सगळ्यांच्या शेवटी आत जाऊ लागले. टाक्यापाशी त्यांचं बोलणं मात्र थोडं बदललं. "इथे भुयार नाही. ज्यांना हवंच असेल त्यांनी खाली थर्मासवाल्या काकांना भेटा. ते खोदून देतील." मी खाली चहा ओतत असताना माणसं येऊन हसत माझ्याकडे बघायची. मला ते आवडायचं.

पुढे त्यांचे गुडघे गेले. डोंगर चढवेना तेव्हा लेक त्यांना श्रीरामपूरला घेऊन गेली. जाताना टपरीवर मला म्हणाले, "सहल बंद करू नका. माहीत नसेल तिथे गप्प राहा, बाकी सगळं सोपं आहे." सहल मी चालू ठेवली आहे. तो व्हिडिओ मात्र अजून फिरतो, त्यांच्या फोटोसकट. परवाच एकाने मला दाखवला आणि म्हणाला, "हे कंडक्टर लई फेकायचे म्हणे!" म्हणून हे लिहितो आहे. त्यांनी कधीही, एकदाही, फेकलं नाही. भुयार माझं होतं.

या हिवाळ्यात ते गेले. सचिनने बस काढली आणि आम्ही श्रीरामपूरला गेलो. माती झाल्यावर घरी आलेल्यांना जेवायला वाढत होते. मला तिथे कुणी ओळखत नव्हतं. मी कोपऱ्यात बसलो होतो. त्यांची लेक वाढत वाढत आली आणि तिने विचारलं, "आपण कुठले?"

"चिंचवडचा. कंडक्टरांच्या सहलीवर असायचो. फिटर."

तिच्या हातातला डाव तसाच थांबला. रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी ती एकदम हसली. "म्हणजे भुयारवाले काका तुम्हीच? अहो, पप्पा इथे आल्यापासून दर पाहुण्याला तुमचीच गोष्ट सांगायचे. ती आजीची शेळी, तो सरकारवाला माणूस. म्हणायचे, माझ्या मित्रानं एकट्यानं, हत्यार न घेता, डोंगरातून माळापर्यंत भुयार खोदलं."

मी तिथवर हाच विचार करत गेलो होतो की माझ्यामुळे त्या माणसाचं नाव खराब झालं. त्या घरात तर सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं की भुयार कुणाचं. पंगतीत कुजबुज झाली, माना वळल्या, शेजारचे एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे सरकले.

"काय हो, खरंच नाही का ते भुयार?"

"नाही," मी म्हटलं. "मी थाप मारली होती."

"हां, दाविदही तेच म्हणायचा," ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले. फादर सोडले तर एवढ्या दिवसांत माझ्या या बोलण्यावर विश्वास ठेवणारं मला पहिल्यांदाच कुणीतरी भेटलं होतं. लेकीने माझ्या ताटात आणखी भात वाढला, मी नको म्हणालो नाही.